शेवटच्या कडव्यातलं नाव

"सुटलो की लिवीन म्हनत व्हतो, सुटलो, नि लिवायचाच सुटला," असं भागोजी घवाळी एकदा म्हणाले होते. ऐकणारे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

जयगडच्या रस्त्यावर एका कंपनीच्या फाटकावर ते पहारेकरी होते. येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, दांडा वर करायचा, पुन्हा खाली. गणपतीत जाखडी नाचणाऱ्या गावच्या मंडळाची गाणी त्या केबिनमध्येच झाली. गण, गवळण, सवाल, सगळं भागोजीबुवांचं. एखादी ओळ सुचायची आणि नेमका हॉर्न वाजायचा. बुवा चडफडत उठायचे. ट्रक आत जाईपर्यंत जी ओळ डोक्यात टिकली ती गाण्यात, बाकीची गेली. ही चाळणी त्यांनी निवडलेली नव्हती. ते तिला शिव्याच घालत. "ह्या हॉर्नान माजी निम्मी गानी खाल्ली."

शिमगा झाला आणि लिहिण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. पडवीत टेबल आलं, नवं पेन आलं. अंघोळ झाली की बसायचं, जेवणापर्यंत उठायचं नाही, असा नियम केला आणि तो कडक पाळला. ओळी येत नव्हत्या असंही नाही. आल्या त्या सगळ्याच टिकल्या, आणि टिकलेल्या सगळ्याच खोट्या वाटल्या.

बायको तुळसा दारातून विचारायची, "आली काय वो तुमची सरस्वती? की हातखंब्यालाच यष्टी चुकली तिची?"

"तू जरा गप ऱ्हाशील?"

"मी गपच हाय. तुमचा कागद पन गपच हाय."

एकदा न राहवून ते फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसले. ट्रक आले, हॉर्न वाजले, नवा पहारेकरी धावला. बुवांना काही सुचलं नाही. हॉर्न त्यांच्यासाठी वाजतच नव्हते. उठवणारं कुणी नसलं की बसण्यालाही अर्थ राहत नाही, एवढंच त्यांना त्या चहात मिळालं.

श्रावणात देवळाच्या सभामंडपात तालीम सुरू झाली. मंडळाचा गायक सर्वेश दर खेपेला विचारी, "बुवा, गवळण?" "व्हतेय." पुढे त्याने विचारणं सोडलं. ते बुवांना जास्त लागलं.

जाखडीत कवीचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतात. सामन्यात समोरची पार्टी त्या नावाला ललकारते, लोक त्या नावासाठी थांबतात. 'भागोजी म्हणे' आलं की ढोलकी थाप बदलते आणि गोलातली पोरं गिरकी घेतात. नवं गाणं नाही, तर त्या वर्षी नावही नाही.

एका रविवारी बुवा तालमीला गेले ते हेच सांगायला, की यंदा जुनी गवळण घ्या. पण गोल आधीच उभा होता. सर्वेश गात होता:

"रिकामी घागर जड झाली गं,
भरली तेव्हा हलकी होती..."

बुवा खांबाला टेकून उभे राहिले. ओळ चांगली होती. कुठे सैल नव्हती. पडवीत जे हाताला लागत नव्हतं ते हेच, आणि इतकं सरळ! कुणाचं हे? तेवढ्यात थाप बदलली.

"भागोजी म्हणे, ऐक गवळणी..."

पोरांनी गिरकी घेतली. नाच थांबल्यावर सर्वेश घाम पुसत जवळ आला.

"मीच केलंय, बुवा. दुकानात, झेरॉक्स मारता मारता. वळण तुमचं हाय, म्हनून नाव तुमचंच लावलं."

"नि तुजा?"

"माजं कोन ऐकतंय? मंडळ तुमच्या नावावर चालतं. कुनाला कळनार पन नाय."

ढोलकीवाला ओरडला, "आरे, बुवांनाच वाटला आसल, आपनच लिवलाय आनि इसरलो!"

सगळे हसले. सर्वेश हसला नाही. "नसंल पटत तर काढतो, बुवा. माजं टाकतो. तुमी सांगा. ठेवू की काढू?"

ठेव म्हणावं, तर दुसऱ्याच्या ओळीवर आपलं नाव वाडीवाडीत नाचणार. काढ म्हणावं, तर या गणपतीत भागोजी घवाळी नावाचा कवी नाही. हसणं विरलं. पोरं घुंगरांचा आवाज होऊ नये म्हणून पाय न हलवता उभी होती.

"बुवा?" सर्वेशने पुन्हा विचारलं.

बुवांनी पायरीशी चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि ते निघून गेले.