शैलजाचं तबक

माझी चुलत बहीण शैलजा बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेली, तेव्हा इंदूरच्या आमच्या अख्ख्या गोतावळ्याला विषय मिळाला. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. घोडे गेले, पण ताठा अजून दारात बांधलेला आहे. रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंगचं एम.ए. म्हणजे काय, हे कोणालाच कळलं नाही. अपघाताने किंवा आजाराने अधू झालेल्यांना पुन्हा कामाला, आयुष्याला लागायला मदत करायची, असं तिने सांगितलं. त्यावर गोतावळ्यातल्या मनोरमाकाकू म्हणाल्या की त्यात शिकायचं काय, ते तर आपण घरी करतोच.

तेच तर झालं होतं.

तिचा मोठा भाऊ हृषीकेश सांवेर रोडच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे दाबायच्या प्रेसवर होता. सहा वर्षांपूर्वी यंत्राने त्याचा उजवा पंजा नेला. घरच्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याची आई घास भरवी, शैलजा शर्टाची बटणं लावी. तो नको म्हणायचा, आम्हाला ते ऐकू यायचं नाही. मग भाऊबीज आली. शैलजाने ओवाळलं, त्याने डाव्या हाताने खिशातलं ओवाळणीचं पाकीट काढायला घेतलं. आमच्याकडे शुभकार्याला डावा हात चालत नाही. आईचा चेहरा बघून शैलजाच बोलली, "दादा, तू रेहने दे, आई तबकात टाकून देईल." आईने त्याच्या खिशातून पाकीट काढून तबकात ठेवलं. मी शेजारीच बसले होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, अक्कल गहाण पडली होती सगळ्यांची.

तो पाटावरून उठला. आठवड्याभरात देपालपूरला एका धान्याच्या आडतीवर नोकरीला लागला. फोन उचलायचा, आईची चौकशी करायचा, पण भाऊबीजेला आला नाही. दरवर्षी शैलजा पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची आणि संध्याकाळी पाट उचलून ठेवायची. तेवढा एक दिवस तिच्याशी बोलवत नसे.

म्हणून ती शिकायला गेली. पोरगी आर्या दहावीत आणि आई एम.ए.ला, एकाच टेबलावर दोघींचा अभ्यास. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला तिच्यासमोर एक माणूस बसला. त्याचा एक हात लुळा होता आणि त्याला बाटलीचं झाकण उघडायचं होतं. शैलजाचे हात आपोआप पुढे गेले. मॅडमनी तिला स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसायला लावलं. त्याने मागितल्याशिवाय मदत करायची नाही, थांबायचं. झाकण उघडायला चार मिनिटं लागली. घरी येऊन शैलजा माझ्यापाशी खूप रडली.

त्या दिवाळीत तिने हृषीकेशला फोन करून विचारलं, की मी तबक घेऊन येऊ का? आणि गप्प राहिली. मी खुणेने म्हणत होते, बोल ना काहीतरी. ती बोलली नाही. शेवटी तिकडून आवाज आला, "आ जा."

भाऊबीजेला आम्ही दोघी गेलो. देपालपूरला त्याची एक खोली, भिंतीवर त्याने डाव्या हाताने लिहिलेलं कॅलेंडर, अक्षर चांगलं वळणदार. दाढी पांढरी झाली होती. शैलजाने पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. त्याने डावा हात खिशाकडे नेला. खिसा शर्टाला डावीकडेच, त्यामुळे मनगट उलटं वळवावं लागत होतं. पाकीट अडकलं, सुटलं, खाली पडलं. माझा हात निघालाच होता, शैलजाने नुसतं बघितलं आणि मी तो मागे घेतला. तिने दोन्ही तळहात तबकाखाली दाबून धरले होते. निरांजनातलं तूप संपत आलं.

त्याने वाकून पाकीट उचललं आणि डाव्या हाताने तबकात ठेवलं.

"उस दिन बस एवढंच थांबायचं होतं, शैलू," तो म्हणाला.