लाभार्थी सरपोतदारकाका

सरपोतदारकाका आमच्याकडून जेवून गेले की घरातला एखादा तरी दिवा बंद झालेला असायचा. एकदा माझा नवरा बाथरूममध्ये असताना त्यांनी बाहेरून दिवा घालवला. "चालू कशाला ठेवायचं?" हे त्यांचं पालुपद. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर उभी हयात घालवलेला हा इंजिनिअर, पण घरातून बाहेर पडताना दारात थबकून विचारायचा, "गीझर बंद केला ना?" त्यांच्या इथल्या घरात गीझर कधी नव्हताच.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. रेखाकाकू हिवाळाभर घरातही स्वेटर, शाल आणि कानटोपीत असत, तरी बोटं आखडायचीच. एका डिसेंबरात त्यांनी माझ्यासमोर काकांना निर्वाणीचं सांगितलं, "पुढच्या हिवाळ्यातही घरात कानटोपी घालावी लागली, तर मी पुण्याला ताईकडे जाईन. परत यायचं की नाही, ते तिथे ऊन खात ठरवीन."

काका हादरले. मीच त्यांना हीट पंपाच्या सरकारी अनुदानाचं सांगितलं. गॅसचा बॉयलर काढायचा, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं यंत्र बागेत बसवायचं आणि मग ऑनलाइन अर्ज करायचा.

"कुणाची ओळख लागेल?"

"कुणाचीच नाही, काका."

"मग मिळणार कसं?"

पंप बसला. अर्जाला त्याचा फोटो जोडायचा होता. काकांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, काकूंना पैठणी नेसायला लावली आणि दोघं पंपाच्या दोन बाजूंना उभे राहिले. पैठणीवर काकूंचा जाडजूड कोट होताच.

"अहो, फोटो पंपाचा मागितलाय," काकू म्हणाल्या.

"लाभार्थी दिसायला नको? उद्या म्हणतील, पंप खरा पण माणसं बोगस."

काही दिवसांनी कार्यालयातून अतिशय नम्र मेल आली. यंत्र नीट दिसत नाही, कृपया नवा फोटो पाठवावा. काकांनी हार काढला. स्वतः मात्र जागचे हलले नाहीत. तरीही अनुदान मंजूर झालं, हे मी डच सरकारच्या मनाचा मोठेपणा समजते.

खरी पंचाईत पुढे झाली. काका म्हणाले, "लोकांच्या करातून आलेली वस्तू आहे. उधळपट्टी शोभत नाही." फिरायला निघाले की पंप बंद. ऊन पडलं की बंद, झोपताना बंद. हे यंत्र मुळात संथ. घर जरा कोमट होतंय तोवर काका बटणापाशी हजर. हिवाळा आला आणि काकूंची कानटोपी पुन्हा डोक्यावर चढली. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिकीट काढलं आणि खरोखरच गेल्या.

आठवड्याभरात काकांचा फोन आला. "अगं, पंपात बिघाड झालाय. घर फार गार लागतंय."

मेकॅनिकला बोलावलं. त्या डच माणसाने पंपाच्या नोंदी पाहिल्या आणि म्हणाला, "पंप उत्तम आहे. पण याला कुणीतरी सारखं बंद करतंय."

काका माझ्याकडे बघायला लागले.

"हा मंदपणे चालत राहतो," मेकॅनिकने समजावलं. "लावायचा आणि विसरून जायचं."

"बाहेर गेलो तरी?"

"तरी."

फार जड गेलं त्यांना. दारापर्यंत जायचे, परत यायचे, बटणाकडे बघायचे आणि दोन्ही हात खिशात कोंबून निघायचे. मला हसू यायचं आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटायची.

थंडी सरण्याआधीच काकू आल्या, पण "बघायला येतेय, परतीचं तिकीट काढून ठेवलंय" असं बजावून. काका आणि मी त्यांना विमानतळावरून घेऊन आलो. सवयीप्रमाणे कोट अंगावर ठेवूनच त्या आत गेल्या आणि थबकल्या. कोट काढला. मग स्वेटरही.

"तुम्ही घरात नव्हतात, तरी हे चालू होतं?"

"हो."

"मग मी इथे होते तेव्हा काय झालं होतं?"

काकांनी दोन्ही हात खिशात कोंबले. मग म्हणाले, "तू होतीस तेव्हा मला कधी गार लागलंच नाही गं. घर गार आहे, हे तू गेल्यावर कळलं."

काकूंनी कोट खुंटीला अडकवला. चहा टाकायला आत जाताना मला हळूच म्हणाल्या, "ते तिकीट रद्द कसं करतात, बघ जरा."