कानातला एक स्वर

मी कुठलाही कार्यक्रम निवेदनाशिवाय होऊ देत नाही. दिल्लीच्या मराठी मंडळात पंधरा वर्षं निवेदन केल्यावर घरीही सवय सुटत नाही.

गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो त्याच हिवाळ्यात आमच्या मृणालला पाहायला गाझियाबादहून अमोल आणि त्याचे आई-वडील यायचे होते. आधीची दोन स्थळं हुकलेली. (दोन्ही वेळा मी बोलले होते.) अमोलच्या पत्रिकेसोबत लिहिलं होतं, 'आवड : पाश्चात्त्य संगीत'. मी यादी केली : पोहे, बर्फी, सिम्फनी. शेजारच्या भाटियांकडून कॅसेट आणली, कव्हरवरची माहिती पाठ केली.

रविवारी भर दुपारी, खोलीभर ऊन असताना, मी कागद घेऊन उभी राहिले.

"गेल्या शतकातल्या या जर्मन संगीतकाराला मानसिक आजार होता. एकच स्वर सतत त्याच्या कानात वाजायचा. तशातच त्याने ही सिम्फनी लिहिली."

"अरे देवा," अमोलची आई म्हणाली. "मग?"

"पुढे त्याने नदीत उडी मारली."

"आई, पोहे गार होतायत," मृणाल म्हणाली.

मी कॅसेट लावली. दहा मिनिटांनी वाद्यं एकदम थांबली. भाग संपला असणार म्हणून मी पुन्हा उठले. तेवढ्यात घुं असा एकच सूर सुरू झाला.

"हाच तो स्वर," मी हळूच म्हणाले.

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. अमोलच्या वडिलांनी डोळे मिटले. आमचे हे मला खुणावत होते. मी त्यांना नजरेनेच गप्प केलं. पाच मिनिटं घुं. दहा मिनिटं घुं.

"काय सोसलं असेल हो बिचाऱ्याने," अमोलच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

मग घुं थांबलं, ट्यूबलाइट फडफडली आणि कॅसेटमधून पन्नास व्हायोलिनं एकदम अंगावर आली.

"लाइट गेली होती," हे म्हणाले. "खाली लिफ्टचा जनरेटर चालू होता."

अमोलच्या वडिलांनी डोळे उघडले. "पण आधीचं बरं होतं."

मी हेही स्थळ मनातल्या मनात खोडलं. अमोल मृणालकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या मिनिटापासून. तुम्हाला?"

"मलाही. पण काकू इतक्या मनापासून ऐकत होत्या..."

दोघं जी हसत सुटली ती पोहे संपेपर्यंत. तिथेच लग्न ठरलं.

रात्री मी लग्नाची यादी करायला बसले. पाहते तर पहिली ओळ मृणालने आधीच लिहून ठेवली होती : 'निवेदन : आई सोडून कोणीही. जनरेटरही चालेल.'