तळघरातून आलेले ‘क्लिअर’

अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात मी बिनतारी संदेश घेत असे. वेदपाठशाळेत शिकलेला म्हणून जवान मला गुरुजी म्हणत. नवे वॉकीटॉकी आले तेव्हा शहरात त्यांचा आवाज कुठवर पोहोचतो, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या सहीनंतरच जुने संच मोडीत निघणार होते.

सकाळपासून जवान संच घेऊन शहरभर पांगले होते; मी कक्षातून एकेका ठिकाणाचे नाव घेत होतो आणि आवाज स्पष्ट आहे, हे एकच उत्तर येत होते. पडेगाव? “क्लिअर, गुरुजी.” छावणी? “क्लिअर.” गुलमंडीतल्या कापडाच्या गोदामाचे तळघर? “लई क्लिअर!”

या शेवटच्या उत्तरामागे कपबशांचा खणखणाट होता. तळघरात चहा कोण विकतो? माध्यान्ह संध्या तशीच राहिली. मी जीप काढायला लावली.

गल्लीच्या तोंडाशी हॉटेलच्या बाकावर आमचा मुख्य जवान बशीत चहा ओतत होता. आग लागली की त्या तळघरात सर्वांत आधी उतरणारा माणूस हाच.

“तळघर कुठे आणि तुम्ही कुठे?”

“पन्नास पावलं तर हाय, गुरुजी. इथं येतं म्हणजे तिथं बी येणारच.”

“उतरून पाहिलंत?”

“नाय. पण तुम्ही एवढ्या आस्थेनं इचारता, नाय म्हणायला जीभ रेटंना.”

माझा मान राखण्यासाठी हा गृहस्थ स्वतःचा जीव पणाला लावत होता, आणि वर मलाही चहा मागवत होता! रागावण्याचा माझा स्वभाव नाही. त्या दिवशी तो फार प्रयत्नाने सांभाळावा लागला.

पाठशाळेत आम्हांला ‘समजले का’ असे कोणी विचारत नसे. गुरूंनी एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. या संथेत भिडेखातर ‘होय’ म्हणण्याची सोयच नव्हती. मी तोच नियम लावला. “मी वरून संचावर बोलेन ते दोनदा म्हणत खाली उतरा.”

पहिल्या पायऱ्यांवर शब्द पूर्ण आले. जिन्याच्या वळणावर निम्मे आले. त्यानंतर काहीच नाही. बऱ्याच वेळाने तो डोक्यावरची जळमटे झटकत वर आला.

“गुरुजी, तुम्ही बोलायचंच थांबला का?”

“सात वेळा हाक मारली.”

त्याचा चेहरा उतरला.

कक्षात परतलो तेव्हा संच पुरवणाऱ्यांचा अभियंता तिथे आलेला होता. तो म्हणाला, “आजोबा, भिंतीच जाड आहेत. संचात दोष नाही.” जणू आग भिंतींची जाडी पाहून लागते! वरिष्ठांचा फोन आला: उद्या उद्घाटन आहे, एका तळघरासाठी अडवू नका. मी उत्तर देण्याआधीच मुख्य जवानाने फोन घेतला. “साहेब, खाली मी उतरतो. गुरुजींना खरं ते लिहू द्या.”

तळघराच्या नावापुढे मी ‘आवाज पोहोचत नाही’ असे लिहिले आणि त्याखाली सही केली. उद्घाटन झाले, हारतुरे झाले. त्या तळघराच्या वळणावर मात्र एक जवान उभा करून निरोप तोंडोतोंडी पोहोचवण्याचा नियम लागू झाला. बिनतारी संदेशांसाठी दुसरा मनोरा उभा राहीपर्यंत तो पाळला गेला.

त्यानंतर मुख्य जवानाने मला कधी ‘क्लिअर’ म्हटले नाही. गाडी कुठवर आली, असे विचारले तरी आधी माझाच प्रश्न दोनदा ऐकवायचा. त्याचाही वैताग येई. पण मी त्याला एकदाही थांबवले नाही.