दमल्यावरचं माप

"काम करून दाखव," ती म्हणायची. तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून यायचे. बाई दारात आली, चपला काढल्या, की पहिलं वाक्य हेच. बस नाही, पाणी घे नाही, कुठून आलीस नाही. बाई बावचळायची. झंपराखालची बॉडी शिवून घ्यायला आलेल्या बाईला असं कुणी म्हणतं का?

आम्ही सगळ्या तिला अदी म्हणायचो. सिंधीत अदी म्हणजे बहीण. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात जे लोक येऊन राहिले, त्यांतली ती. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार बिऱ्हाडं केलेली, त्यातलं शेवटचं तिचं. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा गरज वाटली नाही, आणि आता विचारणार कुणाला?

मी दापोडीची. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, ते गेले आणि घरात मीच थोरली. पिंपरीच्या बाजूला तेव्हा नुकते कारखाने येऊ लागले होते. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या एका कारखान्यात मला काम मिळालं. धुतलेली रिकामी बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, तडा किंवा कण दिसतोय का बघायचं आणि ट्रेमध्ये ठेवायची. मग पुढची. दिवसभर हात वर. सहा महिने असं निभावलं की नोकरी कायम होणार होती, आणि ती झाली तरच धाकट्या दोघांची शाळा चालू राहणार होती. आमच्या घरात सगळे त्या सहा महिन्यांकडे डोळे लावून बसले होते.

आता मूळ दुखणं सांगते. मी होते काडी. छातीच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतला होता. एक स्थळ येऊन बघून गेलं आणि निरोप आला, मुलगी वाळकी आहे. आईनं ते मनाला लावून घेतलं. मला पुण्याला घेऊन गेली, तयार बॉडी घ्यायला. तोवर मी झंपराखाली काही घातलेलं नव्हतं.

तुमच्यातल्या काही जणी तेव्हाच्या दुकानांत गेल्या असतील, तर त्यांना आठवेल. गादीवर पुरुष बसलेले. आपण मान खाली घालून बोलायचं आणि त्यांनी ते मोठ्यानं पुन्हा बोलायचं. आईनं सगळ्यात लहान मागितली. त्यानं एक काढून फेकली. यापेक्षा लहान, आई म्हणाली. तो म्हणाला, यापेक्षा लहान माप असलं तर बॉडी लागतच नाही, बाई. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आणि रागही आला, तो आजतागायत आहे. लागत नाही हे ठरवणारा तू कोण रे?

तीच घेऊन आलो. घरी घालून बघितली तर दोन्ही टोकं पोकळ, उशी काढलेल्या अभ्र्यासारखी. आईनं सरकीचा कापूस पिंजला आणि त्यात भरला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुनाला काय कळतंय?" ती म्हणाली.

पुढच्या स्थळानं मुलगी नोकरी करते म्हणून नकार दिला, म्हणजे कापूस फुकटच गेला. पण मला त्याची सवय लागली. खोटं का होईना, आरशात मी पहिल्यांदा बाईसारखी दिसत होते. ते मला आवडलं होतं, आज कबूल करायला काय जातंय? मी ती कारखान्यातही घालून जायला लागले.

व्हायचं तेच झालं. बाटल्या तपासायच्या आमच्या खोलीत स्वच्छतेचा जाच मोठा. केस टोपीत, अंगावर पांढरा डगला, हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि एकदा धुतले की स्वतःच्या कपड्यांनाही लावायचे नाहीत. एक दिवस हात वर धरलेले असताना डगल्याच्या गळ्यातून कापसाचा पुंजका निघाला आणि उघड्या बाटल्यांच्या ट्रेवर जाऊन बसला. सुपरवायझर बाईंनी तो चिमट्यानं उचलला, दिव्यासमोर धरला आणि माझ्याकडे बघितलं. अख्खा ट्रे परत धुवायला गेला. ओळीतल्या सगळ्याजणी बघत होत्या. बाईंना काय समजायचं ते समजलं होतं. पुन्हा असं झालं तर मी तुला ठेवू शकणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कापूस बंद. आता ती मेली रिकामी बॉडी हात वर केला की वर सरकायची आणि गळ्याशी गोळा व्हायची. खाली ओढावी तर कपड्याला हात लागला, म्हणजे नळावर जाऊन पुन्हा कोपरापर्यंत धुवा. दिवसातून कितीदा मी नळावर! काम मागं पडायला लागलं. बॉडी सोडून नुसत्या झंपरावर जायची आता लाज वाटायची; तो घट्ट केला, तर काखेत उसवला. रडकुंडीला आले होते. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर घर बुडणार, आणि ती गोष्ट कुणाला सांगायचीही चोरी.

शेवटी सुपरवायझर बाईच एकदा जवळून जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कॅम्पात एक बाई आहे. शेवटच्या बराकीत. माझंही तीच शिवते."

अशी मी अदीच्या दारात उभी राहिले. अंगात दिवसभराचा शीण होता आणि लाजही वाटत होती. मी कसंबसं म्हटलं, की लहान मापाची हवी आहे, आणि पुढच्या बाजूला आतून जाड कापड लावाल का, म्हणजे जरा भरल्यासारखं दिसेल.

"काम करून दाखव," ती म्हणाली.

मला वाटलं, हिला मराठी कळत नाही. पण तिनं हातानं पुन्हा खूण केली. मग मी त्या बराकीत, पडद्यापलीकडून कुणाची तरी भाजी फोडणीला पडल्याचा वास येत असताना, हवेतली बाटली उचलली. दिव्यासमोर धरली, फिरवली, ठेवली. पुन्हा उचलली. ती स्टुलावर बसून बघत राहिली. मी थांबले की बोट हलवायची, चालू ठेव. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खांदे भरून आले आणि पाठीला बाक आला, तेव्हा ती उठली. हातात टेप नव्हता, एक जाड दोरा होता. तो माझ्याभोवती फिरवून ती गाठी मारत गेली. बायकांच्या मापांचे असे गाठीगाठींचे दोरे भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होते.

"दमलीस ना? आता खरं माप," ती म्हणाली. "सकाळी सगळ्या बाया ताठ असतात. ते माप खोटं."

आतल्या जाड कापडाचा विषय मी पुन्हा काढला. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. टाचण्या काढून ती बोलली असं मी दोनदाच पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ. "तुझ्यात काही कमी नाही," ती म्हणाली. "दुकानवाल्यानं जास्त कापलं, तर ती त्याची चूक. तू का भरून काढतेस?"

मला हुंदका आला. तिकडे तिनं साफ दुर्लक्ष केलं आणि रविवारी ये म्हणाली.

पहिली बॉडी बसली असं समजू नका. पहिली काखेत काचली, दुसरी पाठीवर चढली. प्रत्येक वेळी मी हवेत बाटल्या बघायच्या आणि तिनं उसवायचं. मी वैतागले, ती कधी वैतागली नाही, पण कौतुकही नाही. चौथ्या खेपेला तिनं पट्टी तिरप्या कापडाची लावली, खांद्याचे बंद मागून जवळ आणले आणि पुढची टोकं काढूनच टाकली, नुसत्या दोन चुण्या ठेवल्या. हात वर करायला लावून छातीखालच्या पट्टीत दोन बोटं घातली. दोन बोटं जायला हवीत, तिसरं नको, हा तिचा कायदा. बोटं काढली आणि म्हणाली, जा.

दुसऱ्या दिवशी मी एकदाही नळावर गेले नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत ध्यानात आलं, की सकाळपासून आपल्याला आपल्या छातीची आठवणच झाली नाही. माझ्यासारख्या मुलीला हे सुख केवढं, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्यानंतर मी कामावरून परतताना तिच्याकडे डोकवायला लागले. गंमत बघायला मिळायची. चिंचवड गावातली एक शेतकरीण आली होती, तिला काम करून दाखव म्हटल्यावर ती सरळ उकिडवी बसून खुरपायला लागली आणि बराकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. अदी दोरा घेऊन मागोमाग. "आवो, जमीन संपली की!" ती बाई म्हणाली, तेव्हा पडद्यापलीकडचेसुद्धा हसले. एक मास्तरीण हवेत फळा लिहायची. एक नवी नवरी म्हणाली, मला काहीच काम नाही. अदीनं तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, मग पोळ्या लाट. तिनं लाटल्या. पन्नासेक तरी लाटल्या असतील, आणि मग रडायला लागली. घरी माणसं किती, ते अदीनं विचारलं नाही. माप घेतलं.

खिळ्यावर टांगलेली एखादी तयार बॉडी कुणी मागितली तर ती देत नसे. दुप्पट पैसे देते म्हणाली एकजण. अदीनं मान हलवली. ही दुसऱ्या बाईची आहे, ती म्हणाली, तुला कशी बसेल?

सहा महिने झाले, मी कायम झाले. पेढे घेऊन गेले. तिनं पेढा बाजूला ठेवला, हात वर कर म्हणाली, दोन बोटं घालून बघितली, आणि मग पेढा खाल्ला. त्या वर्षी आणखी एक स्थळ आलं, तेव्हा आई पुन्हा कापूस घेऊन उभी. मी नको म्हटलं. "आसं जाऊन कसं चालंल? न्हाई म्हनत्याल ती," आई म्हणाली. म्हणू देत, म्हटलं. त्यांनी नाहीच म्हटलं. त्याच्या पुढच्यांनी हो म्हटलं. सांगायचं एवढंच, की दोन्ही वेळा मी आहे तशी बसले होते.

मग एका पावसाळ्यात अदीला खोकला धरला. गेले तर ती पलंगावर होती, अंगात ताप, कपडे घामानं भिजलेले. तिचा मुलगा कामावर गेलेला. मी तिचे कपडे बदलायला घेतले आणि हबकले. तिच्या अंगातली बॉडी म्हणजे चार रंगांच्या चिंध्यांची जोडाजोड होती. एक बाजू सैल, एक घट्ट. बंदाच्या जागी सुतळीसारखी नाडी, आणि खांद्यावर तिचा इतका खोल वळ, की माझं बोट त्यात बसलं असतं.

"अदी, तुमचं माप कोण घेतं?" मी विचारलं.

"माझं कोण घेणार?" ती म्हणाली. या वेळीही तोंडात टाचण्या नव्हत्या. "स्वतःचं माप घेता येत नाही. हात वर करावा तर दोरा सुटतो."

मला फार वाईट वाटलं. दीड वर्ष मी हिच्याकडून शिवून घेत होते, आणि हिच्या खांद्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. ताप उतरल्यावर पुढच्या रविवारी मी गेले, खिळ्यावरचा एक कोरा दोरा काढला आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"काम करून दाखवा," मी म्हटलं.

ती हसली. मग बघितलं, की मी हसत नाहीये. पलंगाच्या कडेला सरकून बसली. डावा हात समोर धरून तिनं हवेतलं कापड पुढं सरकवलं आणि उजव्या हातानं हातमशीनचं हँडल फिरवायला लागली. गोल, गोल. डोळे न दिसणाऱ्या सुईवर. मला फार वेळ थांबावं लागलं नाही. लवकरच दमली ती. मी दोरा फिरवला, गाठी मारल्या. मध्येच ती म्हणाली, दोन बोटं, विसरू नकोस.

मला कुठं येत होतं शिवायला? हातानंच शिवली, घरी, सुट्टीच्या दिवशी. तिच्यासारखंच दोनदा उसवलं. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी घेऊन गेले, तर पडद्यामागं दुसरंच बिऱ्हाड होतं. मुलाला कल्याणकडं कुठं तरी काम लागलं, आईला घेऊन गेला, शेजारीण म्हणाली. पत्ता तिच्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. मी बराकीबराकीतून विचारत फिरले. भिंतीवर खिळा तेवढा होता, आणि दोरे गेलेले होते.

पुढं कळलं ते उडत उडत, की ती थंडीतच वारली. खरं असेल.

ती बॉडी माझ्याकडे आहे. मला मोठी होते. माझ्या लेकीनं एकदा घालून बघितली, तिला काखेत काचली. सुनेला पाठीत सैल पडली. कुणाला द्यावी म्हटलं तरी देता येत नाही, ती दुसऱ्या बाईची आहे. पांढरं कापड आता पिवळं पडलंय. डाव्या काखेपेक्षा उजव्या काखेत मी दोन बोटं कापड जास्त सोडलं होतं, तिला मशीन फिरवायला.