गळती वरची होती

मामींचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात मीटिंगच्या खोलीबाहेर उभा होतो. "तुझे मामा गेले रे नंदू. सकाळी चहाला उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. वसंतमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मला दिल्लीत आणणारे, नोकरी लागेपर्यंत आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये ठेवून घेणारे. दुःख पुष्कळ झालं, पण ते नंतर. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो असा की, आता सांगावं लागणार नाही... सात आठवडे झाले, तो विचार मला सोडत नाही. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर सांगतो.

मामांकडे एक जुनी पेट्रोल जीप होती, त्यांच्या सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. निवृत्तीनंतर फरिदाबादला घर बांधताना त्यांनी नकाशात आधी जीपची जागा काढली आणि मग स्वयंपाकघर, असं मामी अजून सांगतात. मी पहिल्यांदा पाना धरला तो या जीपवर. मामांची शिस्त पक्की होती. तेल ठिबकतं खाली, पण निघतं वरून कुठून तरी आणि इंजिनाच्या अंगावरून ओघळत येतं. त्यामुळे थेंब दिसला तिथे हात घालायचा नाही. इंजिन धुऊन कोरडं करायचं, त्यावर टाल्कम पावडर उडवायची, दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि पावडरीत ओली रेघ कुठे सुरू होते ते वरून खाली बघत यायचं. पावडर अर्थात मामींची. "एवढी तर मी लग्नातसुद्धा लावली नव्हती," त्या म्हणायच्या. "तुला गळती नव्हती," मामांचं उत्तर तयार असायचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी मामा-मामी महिनाभर पुण्याला गेले. दर रविवारी येऊन इंजिन चालू कर, एवढंच काम मला दिलं होतं. एका रविवारी इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, कडेला जरासं ओलं दिसलं. मामा खूश होतील म्हणून मी त्याचे बोल्ट आवळले. अंगातली सगळी ताकद लावून आवळले. त्या झाकणाखाली बुचाचं पॅकिंग असतं. ते दोन बोटांत पाना धरून जेवढं फिरेल तेवढंच आवळायचं, हे मामांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. मागच्या कोपऱ्यात काहीतरी दबून तुटल्यासारखं हाताला जाणवलं. मी वरचं तेल पुसलं, बोनेट लावलं आणि घरी गेलो.

मामा परत आले तेव्हा जीपखाली तेलाचं थारोळं होतं. त्यांनी मला विचारलं, "वर कुठे हात लावला होतास का?"

"नाही, मामा."

"नक्की?"

"बिल्कुल नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, शाळकरी पोरासारखं खोटं बोललो. मामा "बरं" म्हणाले आणि त्यांनी तो विषय सोडला. झाकणाचं पॅकिंग त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेलं होतं आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. जन्मभर वरून खाली बघत आलेल्या माणसानं माझ्यामुळे पहिल्यांदाच खालून सुरुवात केली. इंजिनाचं मागचं, गिअरबॉक्सच्या आडचं ऑइल सील गेलंय असं धरून मिस्त्रीला बोलावलं, गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं. तेल गळतच राहिलं. पुन्हा उतरवला. त्र्याहत्तराव्या वर्षी, फरिदाबादच्या थंडीत, ते गार फरशीवर पाठ टेकून जीपखाली पडलेले असायचे आणि मी शेजारी बॅटरी धरून उभा. एक वाक्य बोललो असतो तर ते उठून आत जाऊन बसले असते.

उलट मी त्यांना म्हणालो, मामा, दिल्लीच्या आसपास या वयाच्या गाड्या तशाही चालवू देत नाहीत, गळतेही आहे, भंगारात देऊन टाका. मी पाडलेली गळती मीच कारण म्हणून पुढे केली. मामा जीपखालूनच म्हणाले, "रस्त्यावर आणू नका म्हणतात, नाही आणत. दुरुस्त करू नका असं कुणी म्हटलंय?"

तेराव्याला नातेवाइकांनी ठरवलं, जीप काढायची. शनिवारी भंगारवाला येणार होता. मी शुक्रवारी सुट्टी घेऊन गेलो, इंजिन धुतलं, मामींकडे पावडर मागितली. त्यांनी डबा दिला. इंजिन चालू केलं. रेघ सुरू होत होती मागच्या कोपऱ्यातून. झाकण उघडलं तर पॅकिंग बोटभर फाटलेलं. नवं बसवायला अर्धा तास लागला... ज्यासाठी मामा दोन हिवाळे फरशीवर झोपले, ते अर्ध्या तासाचं काम होतं.

हात न धुताच आत जाऊन मी मामींना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं ते बाहेर फरशीवर पडले होते की."

मला रडू आलं. मग त्या म्हणाल्या, "रडू नकोस आता. त्या भंगारवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं. आणि बाकीच्यांना मी बघते."

नातेवाईक अजून समजावतात. चालवता येत नाही, विकता येत नाही, जागा अडते. सगळं खरं आहे. जीप राहील. कुणाला पटो न पटो, तिचं इंजिन दर रविवारी चालू होईल आणि ते मी करीन.

मागच्या रविवारी बोनेट उघडं होतं, तेव्हा शेजारचे सरदारजी फाटकाशी येऊन उभे राहिले. मामांनी दोन वर्षं काय काय उचकटलं ते त्यांनी कुंपणावरून पाहिलेलं. "ठीक हो गई? अच्छा! निकला क्या आखिर?"

कोपऱ्यातलं पॅकिंग जुनं झालं होतं, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीसुद्धा.

"मैंने बिगाड़ी थी," मी म्हणालो. "और मामाजी से झूठ बोला था."

ते फाटक उघडून आत आले आणि माझ्या शेजारी उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले.