क्लचमधली हवा काढताना

इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडला ऑक्टोबरात कधीकधी असं धुकं पडतं की समोरच्या घराचं दार कोणी अर्धवट पुसून टाकल्यासारखं दिसतं. अशाच एका शनिवारी सकाळी माझी जुनी फोर-बाय-फोर ड्राइव्हवेत उभी होती, चाकांना विटा लावलेल्या, आणि तिच्याखालून बाबांचे दोन पाय बाहेर आलेले. पायांत मोजे माझ्या नवऱ्याचे.

बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि सोमवारी परत जाणार होते. सगळा जन्म बस डेपोत मेकॅनिक म्हणून गेला. रिटायर झाल्यावर, आणि आई गेल्यावर तर जास्तच, त्यांना एकच धास्ती होती, की आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही. आमच्या घरात सगळं ॲपवर चालतं, अगदी हीटिंगसुद्धा. त्यांच्या हाताला काम देणारी वस्तू काय ती ही गाडी. नवरा तिला भंगार म्हणतो. म्हणू दे! “जायच्या आधी टकाटक करून देतो,” म्हणत बाबा आठवडाभर तिच्या मागे लागले होते. आणि शुक्रवारी मी ऑफिसला निघाले तर क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गिअर पडेना, नुसती खरखर. बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तर शनिवारी मी सीटवर आणि ते गाडीखाली.

“दाब.”

मी पाय दिला.

“दांडी हलत नाहीये. गिअरबॉक्स चांगला आहे. तेलाचा जोरच खालपर्यंत पोचत नाही.”

बाहेर येऊन त्यांनी बोनेट उघडलं आणि क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणातलं रबर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं टम्म फुगलं होतं. बाबांनी ते दोन बोटांत दाबून पाहिलं.

“हे चुकीच्या तेलाने होतं. म्हणजे आतली सीलंही गेली. ह्या सोमवारी मीच तेल टॉप-अप केलं,” ते म्हणाले. “पण ब्रेक ऑइलच घातलं गं. क्लचला तेच लागतं. शेडमधली बाटली होती.”

मी शेडमधून बाटली आणली, उघडली, नाकाशी धरली. स्टिअरिंगचं तेल! त्याचा डबा गळायला लागला म्हणून मीच ते उन्हाळ्यात ब्रेक ऑइलच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. आमच्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता असतो आणि बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे. वर लिहिलंय तेच आत असेल असं आम्ही जन्मात कधी धरून चाललो नाही. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, मग वापरायचं. आणि हे मला शिकवलं कोणी? बाबांनीच.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ ही अशी. “पण तुम्ही वास नाही घेतलात? तुम्ही, बाबा?”

“पार्ट्सचं दुकान कितीपर्यंत उघडं असतं?” एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारी क्लचचे वरचा आणि खालचा, दोन्ही सिलिंडर नवे बसले, पाइप धुऊन झाला, नवं तेल भरलं. आता पाइपात अडकलेली हवा काढायची होती. धुकं तसंच होतं, उलट जवळ आलं होतं. रस्ता नाही, शेजार नाही, फक्त मी, स्टिअरिंग आणि खालून येणारा आवाज. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. लहानपणी दुपारी अर्धवट झोपेत मोठ्यांचं बोलणं ऐकू यायचं, तसं वाटत होतं.

“धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस, नाहीतर हवा परत आत जाईल.”

मी धरलं.

“मला वास येत नाही,” खालून आवाज आला. “दीड वर्ष झालं. तो ताप आला होता ना, तेव्हापासून.”

मी पेडलवरचा पाय आणखी घट्ट रोवला.

“धरलंयस ना?”

“धरलंय.”

“घरी गॅस लावत नाही मी. सुटला तर कळायचा नाही. डबा येतो.”

देवा! फोनवर मी ह्याच माणसाला झापलं होतं, आळशीपणा करता, साधा वरणभात लावता येत नाही का म्हणून. आणि इथे तीन महिने माझ्या किचनमध्ये येऊन ते म्हणत होते, वा, काय खमंग वास सुटलाय!

“सांगितलं का नाही, बाबा?”

“नाक गेलेल्या मेकॅनिकला बोनेट कोण उघडू देतं?”

पेडल सुटू नये म्हणून मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला आणि आवाज न करता रडले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “सोड आता.” मग पुन्हा दाब, पुन्हा धर, आणि हळूहळू पेडल पायाला घट्ट लागायला लागलं.

विटा काढल्या. बाबा हात पुसत म्हणाले, “एक चक्कर मारून ये.” स्वतः बसायला तयार होईनात. त्यांना भीती वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. गाडी पुन्हा बंद पडली असती तर ते सोमवारी मनाने संपूनच विमानात बसले असते.

मी निघाले. फर्स्ट पडला, सेकंड पडला. चर्चच्या चढावर गाडी वर गेली, तिकडून वळून मी परत आले. बाबा फाटकाशी कानटोपी हातात घेऊन उभे होते. मी काच खाली करायच्या आतच म्हणाले, “चढावर सेकंड टाकताना घाई केलीस. क्लच पुरता दाबलाच नाहीस.”

चर्च दोन गल्ल्या पलीकडे आहे.

“गाडी ठीक आहे,” बाबा म्हणाले. “तुलाच धड चालवता येत नाही. पुन्हा जा, मी ऐकतो.”

चाळिशी उलटलेली बाई मी, भर रस्त्यात बोलणी खाल्ली आणि निमूटपणे पुन्हा गेले.